शाळेत जाताना बॅनर घरी ठेवा

शाळा उघडून महिना झाला की मुख्याध्यापकांकडे पाहुण्यांची रीघ लागते. कुणाला वह्या वाटायच्या असतात, कुणाला आवारात झाडं लावायची असतात, कुणाला भिंतींवर पाढे रंगवायचे असतात. एखाद्याला नववी-दहावीच्या मुलांना यशाचा मंत्र द्यायचा असतो. तारीख बहुतेकांना एकच हवी असते, पंधरा ऑगस्ट. त्या दिवशी व्हरांड्यात बॅनर लागतो, हार-श्रीफळ होतं, प्रास्ताविक, मनोगत, आभार होतात आणि दोन तास मांडी घालून बसलेल्या मुलांच्या हातात शेवटी एक वही आणि एक पेढा पडतो. पाहुणे पुन्हा दिसलेच तर सव्वीस जानेवारीला.

हेतू चांगलाच असतो. आपण वाढलो त्या गावातल्या, त्या वॉर्डातल्या शाळेसाठी काही करावं असं वाटणाऱ्या तरुणांची वानवा नाही. वानवा आहे ती पुढच्या आठवड्यात परत येणाऱ्यांची. तुमचा गट कॉलेजातला असो, गणेश मंडळातला असो, ऑफिसातला असो की दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जमलेला असो, पहिल्या बैठकीत एकच प्रश्न टाका: जुलैपासून मार्चपर्यंत, आठवड्यातून एक दिवस, एक तास, त्याच त्या मुलांबरोबर कोण बसू शकतं? वीसजणांतून पाच हात वर आले तर गट पाचांचाच करा. उरलेल्या पंधरांसाठी पुस्तकं जमवणं, दाखल्यांची माहिती काढणं, अशी पुष्कळ कामं आहेत. पण मुलांसमोर बसायचं ते त्या पाचांनीच.

नियमित येण्यावर एवढा जोर देण्याचं कारण आहे. अमेरिकेत ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’चं काम १९०४ पासून चालू आहे. एकेका मुलाला एकेक मोठं माणूस जोडून द्यायचं, ही तिथली रीत. अशा जोड्यांचा जीन ग्रॉसमन आणि जीन रोड्स यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांतल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला होता. जोडी जितकी लवकर तुटली तितका फायदा कमी. आणि ज्यांचा दादा किंवा ताई अगदी सुरुवातीलाच येईनाशी झाली, ती मुलं काही बाबतींत पहिल्यापेक्षाही खाली घसरली होती. म्हणजे अर्धवट केलेलं हे काम न केलेल्या कामापेक्षा वाईट ठरू शकतं. झाड लावून पाणी घातलं नाही तर झाड मरतं, एवढंच होतं. इथे समोरचं पोर ‘माझंच काहीतरी चुकलं असेल’ असा अर्थ काढतं.

दुसरा दाखला घरचा आहे. १९९५ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नावाचा कार्यक्रम चालवला. वस्तीतल्याच, शालेय शिक्षण झालेल्या तरुण मुली वर्गात मागे पडलेल्या वीसेक मुलांना घेऊन रोज दोन तास बसायच्या. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई आणि बडोद्यातल्या शाळांमध्ये याचा परिणाम मोजला. मुलांचे गुण वाढले, आणि सर्वांत जास्त वाढले ते सर्वांत मागे असलेल्यांचे. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने मात्र त्यातला बराच भाग ओसरला होता. बी.एड. नसलं तरी चालतं, एवढा दिलासा यातून तुम्हाला घेता येईल. खाडे करून चालत नाही, हेही त्यातच आलं.

आपल्याकडे या कामाची घडी जुनी आहे. साने गुरुजी १९२४ ते १९३० अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात होते. वसतिगृह त्यांच्याकडे होतं, आणि तिथल्या मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक काढत. दैनिक! आपल्याला आठवड्याचा एक तास जड जातो. पुढे १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखा असोत की १९६२ पासूनच्या ज्ञान प्रबोधिनीची दलं असोत, थोड्या मोठ्या मुलांनी थोड्या लहान मुलांना घेऊन मैदानावर जमायचं, हीच त्यांची रचना. राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात. रासेयोच्या स्वयंसेवकाला दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात. शाळेतला आठवड्याचा एक तास आणि त्याची तयारी धरली तरी वर्षाच्या १२० तासांतले निम्मेसुद्धा लागत नाहीत. तास आहेत, ते रॅलीत आणि घोषणांच्या पाट्या धरण्यात जातात. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात फील्ड प्रोजेक्ट आणि सामुदायिक सहभागाचे प्रकल्प क्रेडिटसह आले आहेत. तुमच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना किंवा विभागप्रमुखांना भेटून हेच काम त्यात बसवून घ्या. क्रेडिटसाठी काम केलं म्हणून ते हलकं होत नाही, उलट परीक्षेच्या दिवसांतही ते चालू ठेवायला एक कारण मिळतं.

आधी कुणाला भेटायचं

जिल्हा परिषदेची शाळा असेल तर आधी मुख्याध्यापक. सरपंच नव्हे, गटशिक्षणाधिकारी तर नव्हेतच. वरून आदेश घेऊन आलेल्या गटाला चहा मिळतो, वर्ग मिळत नाही. मुख्याध्यापकांचं मन झालं की विषय शाळा व्यवस्थापन समितीपुढे न्यायला सांगा. शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. तिथे ठराव झाला की तुमचं येणं आई-बापांना माहीत होतं, आणि पुढे मुख्याध्यापकांची बदली झाली तरी काम एका माणसाच्या मर्जीवर राहत नाही. केंद्रप्रमुखांना लेखी कळवून ठेवा. महापालिकेची शाळा असेल तर शिक्षण विभागाची परवानगी लागेल. खासगी अनुदानित शाळेत संस्थाचालकांना वगळून एक पाऊलही टाकू नका. ओळखीची शाळाच नसेल तर केंद्र सरकारच्या विद्यांजली पोर्टलवर शाळा आपल्या गरजा नोंदवतात, तिथून सुरुवात करता येते.

पहिल्या भेटीला योजना घेऊन जाऊ नका. ‘आम्ही पाचजण आहोत, शनिवारी सकाळी एक तास येऊ शकतो, तुम्हाला कशात मदत हवी?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. शिक्षक आधीच सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती भरणं यांत अडकलेले असतात. त्यांना तुम्ही म्हणजे आणखी एक उपक्रम, आणखी एक अहवाल, आणखी चार फोटो वाटता. पहिले दोन महिने त्यांचा चेहरा थंड राहील. राहू द्या. वर्गशिक्षकांच्या पद्धतीवर मुलांसमोर एक शब्द बोलू नका, स्टाफरूममध्येही नको. बाई ज्या पद्धतीने वजाबाकी शिकवतात ती तुम्हाला जुनाट वाटली तरी आधी तीच समजून घ्या. दोन पद्धतींच्या मध्ये पोर चिरडतं.

वेळापत्रक शाळेच्या पंचांगावर बसवा. जून प्रवेश, पुस्तकं आणि गणवेशात जातो. जुलैत सुरुवात करावी. ऑगस्ट-सप्टेंबरात सण आणि क्रीडास्पर्धा, मग प्रथम सत्राची परीक्षा, मग दिवाळी. नोव्हेंबर ते जानेवारी हा सर्वांत सलग काळ, त्यातही स्नेहसंमेलनाच्या तालमी आठ-दहा दिवस खातात. असं करत वर्षाला वीस-पंचवीस शनिवार हाती येतात. त्यांच्या तारखा जुलैतच कागदावर लिहा आणि एक प्रत मुलांना द्या. ऊसतोडीच्या पट्ट्यात, म्हणजे बीडसारख्या जिल्ह्यात, हे पंचांगच वेगळं असतं. दिवाळीच्या आगेमागे घरं कुलूप लावून कारखान्यांकडे निघतात. तिथे काम दिवाळीच्या आतच दाटून करावं लागतं, आणि कोणतं मूल आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात थांबू शकेल, हे दसऱ्याच्या आधी पालकांशी बोलावं लागतं. दिवाळीनंतर रिकाम्या बाकांकडे पाहून हळहळण्यात अर्थ नसतो.

लहानांसोबत: वाचन

तिसरी ते पाचवीसाठी मदत मागितली गेली तर ती बहुधा वाचनाची असेल. आधी मूल कुठे आहे ते बघा, इयत्ता बघू नका. ‘असर’ सर्वेक्षणात २००५ पासून वापरली जाणारी चाचणी साधी आहे आणि मराठीत मिळते: अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलाला पाच मिनिटं लागतात. चाचणी एकेकट्याची घ्या, बाकीचे ऐकत नाहीत अशा अंतरावर, पण सगळ्यांना दिसेल अशा जागी. पाचवीतलं मूल शब्दांवर अडखळलं तर चेहऱ्यावर आश्चर्य दिसू देऊ नका.

मग इयत्तेने न करता पातळीने गट करा. एका ताईकडे चार-पाच मुलं, त्याहून जास्त नकोत. तासात काय करायचं? सुरुवातीला दहा मिनिटं गप्पा, त्यातूनच आजचा शब्द निघतो. काल कुणाची शेळी व्याली असेल तर ‘शेळी’, ‘करडू’, ‘चीक’ हे शब्द फळ्यावर. मग ताईने एक गोष्ट मोठ्याने वाचायची, बोट ओळीखाली फिरवत, घाई न करता. मग तीच गोष्ट सगळ्यांनी मिळून, मग जोड्यांनी. शेवटी प्रत्येकाने त्यातलं एक वाक्य आपलं करून वहीत लिहायचं. त्या वाक्यातला ऱ्हस्व-दीर्घ त्या दिवशी सुधारू नका. मूल घरी पावरी, गोरमाटी किंवा कोरकू बोलत असेल तर गोष्ट आधी त्या भाषेत सांगायला सांगा. शाळेत बोलायला घाबरणारं पोर तिथे एकदम मोकळं होतं, आणि तुम्हालाच चार शब्द शिकवतं.

पुस्तकांसाठी वर्गणी काढण्याआधी शाळेचं कपाट उघडून बघा. पुष्कळ ठिकाणी चांगली पुस्तकं कुलपात असतात, कारण हरवली तर भरपाई कुणी द्यायची हा प्रश्न असतो. मुख्याध्यापकांशी बोलून ती जोखीम तुमच्या गटाने घ्या: वर्षाला दहा पुस्तकं फाटली-हरवली तर आम्ही भरून देऊ. कपाट उघडतं. आणखी हवं असेल तर बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे अंक ऑनलाइन मोफत आहेत, स्टोरीवीव्हरवर मराठी चित्रगोष्टी छापून घेता येतात, आणि विज्ञानाची खेळणी करायची असतील तर अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर आगपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबमधून अख्खी भूमिती उभी राहते. रद्दीतून आलेली जुनी अपेक्षितं आणि गाईडं मात्र शाळेच्या माथी मारू नका. त्याला पुस्तकदान म्हणत नाहीत.

गणिताचंही असंच. संख्याओळख, हातच्याची वजाबाकी, एक अंकी संख्येने भागाकार, या क्रमाने मूल कुठे अडतं ते बघा आणि तिथून उचला.

आठवी ते दहावी: ऐकून घेणारं माणूस

मोठ्या मुलांचं काम वेगळं, आणि माझ्या मते जास्त अवघड. इथे तुम्ही शिकवणी घ्यायची नाही. घरात पहिल्यांदाच कुणी दहावीपर्यंत पोचतं तेव्हा पुढचा रस्ता पाहिलेलं माणूस आसपास नसतं, ते माणूस तुम्ही व्हायचं. तुम्ही त्यांच्याहून पाच-सात वर्षांनीच मोठे आहात, हा तुमचा सर्वांत मोठा गुण. तुमचा एटीकेटी लागलेला विषय, चुकलेली शाखा, होस्टेलचे पहिले सहा महिने हे त्यांना साहेबांच्या भाषणापेक्षा उपयोगाचं आहे.

तीन-चार मुलांचा एक गट धरा. ‘मोठेपणी काय होणार?’ हा प्रश्न विचारू नका. उत्तर ठरलेलं असतं, कलेक्टर किंवा पोलीस, आणि तिथे संभाषण संपतं. ‘काल शाळा सुटल्यावर झोपेपर्यंत काय काय केलंस?’ असं विचारा. मग कळतं की एक मुलगी रोज संध्याकाळी भावंडांचा स्वयंपाक करून साडेनऊला अभ्यासाला बसते, आणि एक मुलगा शेजारच्या गॅरेजात मोटारसायकलचं इंजिन उघडतो. त्या गॅरेजातून आयटीआयच्या मोटार मेकॅनिकपर्यंत आणि तिथून पुढे डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षापर्यंत रस्ता आहे, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. ते सांगणं तुमचं काम. जो मुलगा बोलतच नाही त्याच्याकडे बघत बसू नका. बरोबर काहीतरी हाताने करा. मैदानाची आखणी करा, सायकलचं पंक्चर काढा, ग्रंथालयाची पुस्तकं लावा. मुलगे समोरासमोर बोलत नाहीत, शेजारी उभं राहून काम करताना बोलतात.

प्रेरणादायी व्याख्यानं टाळा. अठराव्या मिनिटाला मागच्या रांगा आपापसात बोलू लागतात, आणि त्यांचं बरोबरच असतं.

या वयात खरी मदत पुष्कळदा कागदांची असते, आणि मघाचे पंधराजण इथे कामाला येतात. आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस शिष्यवृत्तीची परीक्षा असते. पालकांचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांच्या आत आणि सातवीत ५५ टक्के गुण असले, अनुसूचित जाती-जमातींसाठी पाच टक्के कमी, तर सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतली मुलं बसू शकतात. निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांचे ४८,०००. शेतमजुराच्या घरात हा आकडा मुलीला कॉलेजात ठेवायचं की नाही हे ठरवतो. पात्र मुलांची यादी शिक्षकांच्या मदतीने लवकर करा, उत्पन्नाच्या दाखल्याला वेळ लागतो. बँकेचं खातं, आधारवरचं नाव आणि शाळेच्या रजिस्टरमधलं नाव जुळतं का, तेही बघा. एका वेलांटीने पैसे अडकतात.

जातीच्या दाखल्याची तयारी नववीतच सुरू करावी. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. याचा अर्थ आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला, जुना सातबारा, कोतवाल बुकातली नोंद शोधणं. दहावीच्या निकालानंतर प्रवेशाच्या आठवड्यात सेतू केंद्रापुढे रांग लावून हे होत नाही. एक शनिवार पालकांना बोलवा, प्रत्येक घराचा एक कागद करा: काय आहे, काय नाही, कुठून मिळेल. मी तर म्हणेन, वर्षभरात बाकी काहीच जमलं नाही आणि वीस मुलांचे दाखले वेळेत झाले, तरी तुमचं वर्ष सार्थकी लागलं.

मुलांनी करायचं काम

समाजसेवेचा प्रकल्प म्हणजे आपण मुलांसाठी काही करायचं, हा समज मोडायला हवा. कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच कार्यानुभव आणि समाजसेवा शिक्षणाचा भाग करायला सांगितलं. पुढे कार्यानुभवाच्या तासाला आपण कागदाची फुलं केली. मुलांना खरं काम द्या, ज्याचा निकाल त्यांना दिसेल.

एक नमुना देतो, खर्च शून्य. गावातले किंवा वॉर्डातले गळके सार्वजनिक नळ मुलांनी शोधायचे. प्रत्येकाखाली लिटरची बाटली धरून ती भरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. वीस मिनिटांत एक लिटर भरलं तर दिवसाचे किती? बहात्तर लिटर. जलजीवन मिशनने ग्रामीण भागात माणशी रोज ५५ लिटरचं मान धरलं आहे. म्हणजे तो एक नळ एका माणसाच्या वाट्यापेक्षा जास्त पाणी मातीत घालतो आहे. सहावीच्या मुलांना हा हिशेब स्वतः सापडला की त्यांचे डोळे मोठे होतात. मग नकाशा, मग तक्ता, मग ग्रामपंचायतीला पत्र. पत्र मुलांनीच लिहायचं, आवक क्रमांक मुलांनीच घ्यायचा, आणि पंधरा दिवसांनी ‘आमच्या पत्राचं काय झालं?’ हे विचारायलाही त्यांनीच जायचं. वॉशर दहा-वीस रुपयांचा असतो. बहुतेक नळ दुरुस्त होतील. एखादा होणार नाही, आणि मग ग्रामसभेत कोण कसं बोलतं तेही त्यांना दिसेल. गणित, भाषा, नागरिकशास्त्र तिन्ही त्यात आलं.

याच धर्तीवर शाळेच्या दारासमोरच्या रस्त्यावर अर्ध्या तासात किती वाहनं जातात ते मोजून गतिरोधकाची मागणी करता येते. पोषण आहाराला भाजी पुरवणारी परसबाग करता येते, पण मे महिन्यात पाणी कोण घालणार हे ठरल्याशिवाय नको. म्हाताऱ्यांना भेटून गावातल्या जुन्या विहिरींची नोंद होते. निवड मुलांवर सोडा. त्यांनी निवडलेला विषय तुम्हाला क्षुल्लक वाटला, समजा शौचालयाच्या दाराची कडी, तर आधी त्या कडीपासूनच सुरुवात करा. मुलींसाठी ती क्षुल्लक नाही.

ज्यात सूट नाही

बदलापूरच्या शाळेतली २०२४ ची लैंगिक अत्याचाराची घटना कुणी विसरलेलं नाही. शाळा तुमच्याकडे संशयाने बघत असेल तर तो संशय योग्य आहे, रागावू नका. स्वतःहून ओळखपत्रांच्या प्रती द्या, पोलीस पडताळणीची तयारी दाखवा. कोणताही स्वयंसेवक कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकटा बसणार नाही. बैठक व्हरांड्यात, झाडाखाली किंवा दार उघड्या वर्गात. मुलांशी खासगी फोन नाही, इन्स्टाग्रामवर मैत्री नाही, मोटारसायकलवर डबलसीट नाही, भेटवस्तू नाही, घरी बोलावणं नाही. निरोप शाळेमार्फत किंवा पालकांच्या फोनवर. उठाबशा आणि ‘ढ’ म्हणणंही नाही. शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंदी आहे. फोटो काढायचेच असतील तर मुलांच्या कामाचे काढा, चेहऱ्यांचे नकोत.

एखादं मूल विश्वासाने काही सांगेल. ‘कुणाला सांगणार नाही ना?’ असं विचारेल. तसं वचन देऊ नका. ‘तुला मदत करू शकेल अशाच माणसाला सांगेन,’ एवढं म्हणा. शांतपणे ऐका, खोदून विचारू नका, मुलाच्याच शब्दांत त्याच दिवशी लिहून ठेवा. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, न कळवणं हा गुन्हा आहे. शाळेच्या अब्रूसाठी, गावातल्या वजनदार माणसासाठी थांबायचं नाही. चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर चोवीस तास मोफत आहे. तो प्रत्येक स्वयंसेवकाला पाठ हवा आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलेला हवा. आठवी-नववीतल्या मुलीचं लग्न ठरल्याची कुजबुज आली तरी हाच नंबर. गावात ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) बालविवाह प्रतिबंध अधिकाऱ्याची जबाबदारी असते, त्यांनाही लेखी कळवा. तुम्ही स्वतः त्या घरी जाऊन वाद घालू नका, मुलीचीच कोंडी होते.

पैशाबद्दल थोडक्यात. गटाने वर्गणी जमवली तर ती शाळेच्या खात्यावर पावती घेऊन द्या, रोख कुणाच्याही हातात नको. वस्तू देण्याआधी तीनदा विचार करा. संगणक दिला पण वीजबिल थकल्याने शाळेचं मीटर काढून नेलेलं, असं घडतं.

हजेरीचं रजिस्टर ठेवा, पण स्वयंसेवकांचं. मुलं बहुधा येतातच. कोण किती वेळा आलं नाही हे दर महिन्याला गटात मोठ्याने वाचायचं. सलग दोन शनिवार चुकवणाऱ्याला पंधरांच्या कामात हलवा, भांडण न करता. ज्याला यायला जमणार नाही त्याने आदल्या दिवशी शाळेला कळवायचं, आणि पुढच्या वेळी मुलांना कारण स्वतः सांगायचं. वाचनाची तीच चाचणी डिसेंबरात आणि मार्चमध्ये पुन्हा घ्या. आकडे शिक्षकांना दाखवा. पुढे सरकलं नाही असं एखादं मूल असेल तर त्याची दृष्टी आणि ऐकणं तपासून घ्यायला शाळेला सांगा. मागच्या बाकावरचं ‘लक्ष नसलेलं’ पोर कधीकधी निव्वळ चष्म्यावाचून अडलेलं असतं.

आणि निरोप. नोकरी लागेल, लग्न होईल, पुण्या-मुंबईला जावं लागेल. जाणाऱ्याने दोन आठवडे आधी मुलांना समोर बसवून सांगायचं, आणि आपल्या जागी येणाऱ्या ताई-दादाला त्या दोन्ही शनिवारी बरोबर बसवायचं. मार्चच्या शेवटी समारंभ नको. प्रत्येक मुलाचं एक पान करा: जुलैत काय वाचत होता, आता काय वाचतो, कोणत्या गोष्टी आवडतात, कोणता दाखला निघायचा राहिला आहे. एक प्रत वर्गशिक्षकांना, एक पुढच्या वर्षीच्या गटाला. पुढच्या वर्षी गट नसणार असेल तर ते शाळेला फेब्रुवारीतच सांगा, म्हणजे मुख्याध्यापकांना दुसरी सोय बघायला उन्हाळा मिळतो.